मुंगसाच्या केसांचा ब्रश

माझ्या धाकट्या भावाला सगळे माशीमास्तर म्हणतात. चिडवायला म्हणतात, आणि तो चिडतोही. मी तोंडाला रंग लावून आयुष्यभर टाळ्या घेतल्या. त्याला साठी आली तरी एक टाळी मिळाली नाही. म्हणून हे लिहितेय.

तो वनखात्यात रोजंदारीवर माश्या पकडतो. जाडजूड, हिरव्या, घाणीवर बसणाऱ्या. माशी जनावराच्या विष्ठेवर, जखमेवर, मढ्यावर बसते आणि त्याचा अंश पोटात घेऊन उडते. ती स्पिरिटच्या नळीत घालून प्रयोगशाळेत पाठवली, की डीएनएवरून जनावर कळतं. ते समोर दिसायलाही नको.

जुन्या दगडखाणीमागचं झुडपी रान साफ करून तिथे गोदामं व्हायची होती. रानटी प्राण्याचा पुरावा मिळाला तरच ते थांबणार होतं. भाऊ चार वर्षं तिथे मुंगसाची मादी आणि तिची पिल्लं बघत आला होता. पण साहेब म्हणाले, "तुम्ही पाहिलंत हो! माशी काय म्हणते ते सांगा."

माशी म्हणायची गाय. कुत्रा. म्हैस. एकदा तर माणूस.

"तो माणूस तुम्हीच," भावजय म्हणाली. "घाम पुसलेल्या हातांनीच नळ्या भरता."

"तीन महिने गायी मोजतोय!" भाऊ कडाडला. "गायी काय मला डोळ्यांनी दिसत नाहीत?"

चिमट्यात माश्या चिरडतात, अशी त्याची एक कुरकुर होती. मला राहवतंय होय! ट्रंक उघडली, रंगपटातला माझा जुना ब्रश साबणाने धुतला आणि त्याच्या हातात दिला. "घे. याने राण्यांचे गाल रंगलेत, तुझ्या माश्या काय चीज आहेत!"

पुढच्या खेपेचा निकाल आला. मुंगूस! चाळीसच्या चाळीस नळ्यांत मुंगूस! भावाने भर दुपारी शेजाऱ्यांची दारं वाजवून सांगितलं. मी खुर्चीतूनच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला, भावाने तो स्पीकरवर घेतला. "काका, रिकाम्या नळीतही मुंगूस निघालंय."

दर खेपेला तो एक नळी रिकामी पाठवायचा. तिला इतर नळ्यांसारखंच हाताळायचं, फक्त माशी घालायची नाही. बाहेरून काही शिरलं असेल तर त्या नळीत कळतं.

"माशी नाही घातली हो," भाऊ म्हणाला. "नुसता ब्रश फिरवला, नेमाप्रमाणे."

"ब्रशचे केस कशाचे आहेत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं. आमच्या रंगभूषाकारांनी तो देताना मिशीला पीळ देत सांगितलं होतं, "बाई, मुंगसाचे केस आहेत, जपून वापरा." भावाला ब्रश देताना माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. मी राणी झाले, खुनी झाले, आंधळी झाले. 'नायलॉनचे' म्हणायला मला कितीसा अभिनय लागला असता? पण तो माझ्याकडे लहानपणी बघायचा तसा बघत होता.

"मुंगसाचे," मी म्हणाले.

"मग सगळी खेप बाद," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "खरं मुंगूस त्यात असलं, तरी वेगळं काढता येणार नाही."

"शिंकली माशी!" भावजय कपाळाला हात लावत म्हणाली.

"नाटकं!" भाऊ माझ्यावर ओरडला. "जन्मभर तुझी नाटकं! अख्खा मोसम गेला माझा, ताई!" मी ऐकून घेतलं. संवाद त्याचाच होता.

अहवाल सोमवारी जायचा होता, आणि थंडीने माश्या नाहीशा झाल्या होत्या. शनिवारी सकाळी मी काठी टेकत त्याच्याबरोबर रानात गेले. सहा सापळ्यांत मिळून दोन माश्या. त्यातली एक चिमट्यात चिरडली. त्याने शिवी हासडली, आणि तेवढ्यात समोरच्या दगडावर ती आली. मुंगसाची मादी. मागच्या पायांवर उभी राहिली, आमच्याकडे नीट पाहून घेतलं आणि मग झुडपात शिरली.

"पाहिलंस?"

"पाहिलं रे."

"साहेबांना सांग. म्हणावं, बहिणीनेही पाहिलं." तो हसला.

मग मांडी घालून त्याने उरलेली माशी चिमट्याने नळीत घातली. दुसऱ्या नळीत स्पिरिट ओतलं, रिकामा चिमटा बुडवून काढला, बूच लावलं आणि वर लिहिलं, 'रिकामी'.

त्या दोन नळ्यांचा निकाल यायला महिना लागणार होता. सोमवारी अहवाल गेला. गाय, कुत्रा, म्हैस, माणूस.