फळ्यावरचा भाऊ

कपडे दुरुस्त करणाऱ्या बाईकडे माणसं घाईनं येतात आणि उघडी पडून जातात. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचं वजन आजारानं उतरलेलं, कुणी नवरा गेल्यावर त्याचा कोट मुलाच्या मापाचा करून घ्यायला आणलेला. त्या आरशासमोर काही लपत नाही. बाईचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळात एक दार, एक मशीन, एक पडदा आणि तो आरसा. तोंडात टाचण्या धरून काम करायची तिची सवय. त्यामुळे बाई फार बोलत नाही असं गिऱ्हाइकांना वाटे, आणि न बोलणाऱ्यापुढे माणसं भडाभडा बोलतात.

भूगोलाचे निवृत्त मास्तर असेच बोलले. पँटची लांबी कमी करायला स्टुलावर उभे होते. म्हणाले, "आम्ही तिघं मिळून एका जुन्या प्रकरणाचा छडा लावतोय. ते नदीकाठचे खून. तुम्हाला आठवत असतील."

बाईनं टाचण्या तोंडातून काढून हातावर घेतल्या. "आठवतात. मी तेव्हा तिथंच राहायचे."

"मग या की शनिवारी. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दुपारी बसतो आम्ही. वस्ती पाहिलेलं माणूस हवंच होतं."

दोन हिवाळ्यांत नदीकाठच्या वस्तीत चार बायका आपापल्या घरात गळा आवळून मारल्या गेल्या होत्या. चौघीही एकट्या राहणाऱ्या. एकाही घराचं कुलूप तुटलं नव्हतं की कडी उखडली नव्हती. खुनी सापडला नाही. पण कुलूप न तोडता दार उघडणारा माणूस म्हटल्यावर पोलिसांनी आधी कुणाला उचललं, हे सांगायला नको. दुसऱ्या खुनानंतर त्यांनी चौकातल्या चावीवाल्याला नेलं, बसवून ठेवलं, उलटसुलट विचारलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. पोलिसांनी सोडलं, वस्तीनं सोडलं नाही.

तो चावीवाला म्हणजे बाईचा धाकटा भाऊ.

शनिवारी ती गेली. खोलीत लांब टेबल, चार खुर्च्या, भिंतीला टाचण्यांचा फळा. फळ्यावर मास्तरांनी काढलेला वस्तीचा नकाशा आणि भोवती संशयितांचे फोटो. तिसरा फोटो भावाचा. जुन्या वर्तमानपत्रातून कापलेला, डोळे अर्धवट मिटलेले. तो तसा नव्हताच दिसत. फोटो काढणाऱ्यानं पापणी लवायची वाट पाहिली असावी.

मास्तरांनी ओळख करून दिली. एक टपालवाले काका, सगळी हयात त्या भागात पत्रं वाटण्यात गेलेली. दुसरी औषधाच्या दुकानाची मालकीण, पन्नाशीतली. तिला सगळे औषधवाली म्हणत. मारल्या गेलेल्या चौघींतली दुसरी तिची मावशी. बाकीच्या दोघांचा हा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. तिचा नव्हता.

बाईनं आपली ओळख शिवणाऱ्या बाई एवढीच दिली. कुणी जास्त विचारलं नाही. भावाला त्या फळ्यावरून खाली उतरवायचं, एवढ्यासाठी ती आली होती. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. चौकातला धंदा बसला, परक्या गावात त्यानं कुठल्या कुठल्या कारखान्यांच्या फाटकांवर रखवाली केली आणि तिथंच एका पहाटे खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. पण मेलेल्या माणसालाही कुठंतरी नीट जागा लागते, असं बाईला वाटे. आणि त्याची जागा तिसऱ्या फोटोत नव्हती.

ती जात राहिली. महिने गेले, वर्ष गेलं. चहा करायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. तिघांचं वादावादीवाचून पान हलत नसे.

"काका, तुम्हाला त्या दूधवाल्याबद्दल एवढी माया का?" औषधवाली म्हणायची.

"माया नाही. तो आपल्याच सावलीला घाबरायचा. तो काय खून करणार?"

"म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुम्हाला पाणी पाजायचा ना उन्हात, म्हणून."

"आणि मास्तरांचं काय? घरभाडं वसूल करणाऱ्यावर डोळा त्यांचा, कारण त्यानं एकदा यांच्या मेव्हण्याला घराबाहेर काढलं."

"साप समजून भुई धोपटतोय आपण," मास्तर शेवटी म्हणायचे. "संशयाला औषध नाही."

"आहे की," औषधवाली म्हणायची, "पण चिठ्ठीशिवाय देत नाही."

बाई हसायची. हळूहळू तिला एक नवल लक्षात आलं आणि त्याची तिला लाजही वाटली. ती शनिवारची वाट पाहायला लागली होती. तिच्या भावाबद्दल साऱ्या जगात फक्त या खोलीत बोललं जात होतं. नातेवाइकांनी त्याचा विषय कधीच बंद केला होता. तिच्या मुलाला मामाचा चेहरासुद्धा नीट आठवत नव्हता. इथं मात्र टपालवाले काका सांगायचे, चावीवाला कानस चालवताना शीळ घालायचा. मास्तर म्हणायचे, त्याच्याकडे दोन कुत्री यायची, चावीवाला बसला की तीही बसायची. हे सगळं त्याच्याविरुद्ध सांगितलं जायचं. शीळ घालणारा माणूस बेफिकीर असतो, कुत्री ओळखीची म्हणून भुंकली नसतील. बाईला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. ती शीळ ऐकायची.

औषधवाली तिला ताई म्हणायला लागली होती. भाऊ गेल्यापासून त्या हाकेची तिच्या कानाला सवय उरली नव्हती.

मग एका शनिवारी टपालवाले काका धापा टाकत जिना चढले. चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाले, "चावीवाला नव्हे. संपलं."

वस्तीतली एक जुनी शेजारीण त्यांना मुलीच्या घरी भेटली होती. म्हातारी झाली होती, पण डोकं ठिकाणावर होतं. तिनं सांगितलं होतं, की दुसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे तिसरा आणि चौथा खून झाला तेव्हा, चावीवाल्याचा उजवा हात पार बांधलेला होता. यंत्रात सापडला होता. पेलासुद्धा धरता येत नव्हता. तिनं स्वतः पाहिलं होतं, त्याच्या बहिणीनंही सांगितलं होतं.

"एका हातानं गळा आवळता येत नाही," मास्तर म्हणाले आणि उठून त्यांनी भावाचा फोटो फळ्यावरून काढला. टेबलाच्या खणात ठेवला. फळ्यावर चौकोनी फिकट डाग राहिला.

औषधवालीनं डोळ्यांना पदर लावला. "एक तरी कमी झाला," ती म्हणाली. "एक तरी माणूस मला सोडून देता आला."

बाई कपबशा धुवायला गेली आणि नळाखाली नुसतीच हात धरून उभी राहिली. जे मागायला ती आली होती ते मिळालं होतं. फक्त ते खरं नव्हतं.

हाताला काही झालेलं नव्हतं. पोलिसांनी सोडल्यावर चौकात गिऱ्हाईक फिरकेना. आपल्या घराची चावी कोण त्याच्या हाती देणार? तो दिवस दिवस घरात बसून राहायला लागला. शेजारणी विचारायच्या, हल्ली दुकान लावत नाही का? तेव्हा तिनंच ही युक्ती काढली. हात यंत्रात सापडला म्हणून सांगू. लोक वाळीत टाकताहेत म्हणून बसलाय, यापेक्षा हात मोडलाय म्हणून बसलाय, हे बरं. जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून तिनं पट्टा बांधला. शिवणाऱ्या बाईचा हात, तेव्हा गाठ नाही, टोक नाही, कडेनं बारीक टाके घातलेले. तो लहान मुलासारखा हात पुढं करून बसला होता.

"ताई," तो म्हणाला, "तू मला एकदाही विचारलं नाहीस."

"काय विचारायचं त्यात?"

"बाकी सगळ्यांनी विचारलं."

तिनं दाताखाली दोरा तोडला आणि म्हणाली, हात हलवू नकोस. एवढंच. त्याला त्यातून काय समजलं, हे तिला कधी कळलं नाही. तिचा आपल्यावर विश्वास आहे असं त्यानं समजावं, की ती उत्तराला भिते असं?

पुढच्या शनिवारी खोलीत भावाचं नाव निघालं नाही. सगळा वेळ दूधवाला आणि भाडेवसुलीवाला. काकांनी शीळ आठवली नाही, मास्तरांनी कुत्री आठवली नाहीत. त्या माणसाचं आता काही कारणच नव्हतं. निर्दोष माणसाबद्दल कोण बोलतं? त्याच्यानंतरच्या शनिवारीही तेच. बाई चहा घेऊन आली तेव्हा औषधवाली म्हणत होती, "आता दोघंच उरले. मावशीच्या फोटोला सांगीन मी, दोघांवर आलंय."

औषधवालीच्या त्या बोलण्यानं म्हणा, की फळ्यावरच्या फिकट डागानं म्हणा, बाईनं ट्रे टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या म्हणाली, "हात मोडलेला नव्हता."

"कुणाचा?" काका म्हणाले.

"चावीवाल्याचा. पट्टा मी बांधला होता. खोटा. लोक बोलू नयेत म्हणून." मग हेही सांगायला हवं होतं. "मी त्याची थोरली बहीण."

रस्त्यावर कुणीतरी शटर ओढत होतं. मास्तरांनी फळ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि वर्गात चुकीचं नाव पुकारल्यासारखे खाली पाहू लागले.

"बाई, आम्ही इतके दिवस तुमच्यासमोर..."

"बोलत होतात. मी ऐकायला येत होते."

"तुम्ही गप्प बसला असता तर तो सुटला होता," काका म्हणाले. रागानं नव्हे. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"हो."

"मग?"

बाईला नीट सांगता आलं नाही. माझ्याच पट्ट्यानं त्याला सोडवायचं, तर तो मी सोडवला, तुम्ही नाही. असं काहीतरी ती बोलली. तो शीळ घालायचा, हे निदान खरं होतं, असंही म्हणाली.

मास्तरांनी खण उघडला. फोटो हातात घेतला, पण फळ्यापाशी जाईनात. तेव्हा बाईनं तो त्यांच्याकडून घेतला, पदराला लावलेली टाचणी काढली आणि फोटो त्याच्या डागावर नीट बसवून टोचला. जन्मभर टाचण्या लावलेला हात. वाकडा गेला नाही.

मग काकांनी घसा साफ केला आणि विचारलं, "त्या दिवसांत तुम्ही कामावर कधी असायचात?"

"सकाळपासून अंधार पडेपर्यंत."

"म्हणजे तो घरी एकटाच."

"एकटाच."

त्यांनी विचारलं आणि ती सांगत गेली. झोप लागायची का, बाहेर पडायचा का, दारू प्यायचा का, घरात चाव्यांचे साचे ठेवायचा का. तो उताणा झोपायचा, भातात दूध कालवून खायचा, चिडला की बोलायचा नाही, जोड्यांचे बंद त्याला कधी नीट बांधता आले नाहीत. जेवढं विचारलं त्याहून जास्त तिनं सांगितलं. पोलिसांनी तिला कधी बोलावलंच नव्हतं. त्याच्याबद्दल तिला कुणी सगळं विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. शेवटी मास्तरांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मी त्याला विचारलं नाही," ती म्हणाली.

दोघं पुरुष जिना उतरून गेले, तरी औषधवाली खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिनं सबंध वेळात एकही प्रश्न विचारला नव्हता. बाई कप गोळा करायला लागली. कपांतला चहा तसाच थंड झाला होता.

"मावशीच्या दाराचं कुलूप त्यानंच बसवलं होतं," औषधवाली म्हणाली. "मी शाळेतून तिच्याकडे जायचे. ती म्हणायची, कुलूपवाला भलता बडबड्या आहे गं. एक कुलूप बसवायला आला आणि अख्खी दुपार बोलत बसला. तिला बरं वाटलं होतं. एकटी असायची ना."

"बडबड्याच होता," बाई म्हणाली. "त्या पट्ट्यानंतर गप्प झाला."

"मला नेहमी वाटत आलंय, की दारावर तो आला असेल, तर तिनं आपण होऊन उघडलं असेल. हसत."

बाईनं कप खाली ठेवला. ताई म्हणून औषधवालीनं आज एकदाही हाक मारली नव्हती. बाई तिच्या बाजूला बसली, मध्ये एक खुर्ची सोडून. खोलीतला दिवा लावायला दोघींपैकी कुणी उठलं नाही. आणि घरी जायलाही.