धंतोलीतून जोडलेली मौखिक परीक्षा

विभागात ऑनलाइन व्याख्यान असो की पीएचडीची मौखिक परीक्षा, होस्ट मीच असायचे. माइक कोणाचा कधी बंद करायचा, लिंक तुटली तर फोन कोणाला लावायचा, हे मला जमतं असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. एका परीक्षेच्या वेळी मात्र हे काम दुसऱ्या कोणीतरी करावं असं मला फार वाटलं.

परीक्षा होती उमरेडच्या एका मुलीची. विणकरांच्या घरातली मुलगी. हातमाग सोडून दुसऱ्या कामांना लागलेल्या कुटुंबांवर तिनं प्रबंध लिहिला होता. तिचे मार्गदर्शक सर म्हणजे माझे जुने सहकारी. त्यांचा फुप्फुसाचा कॅन्सर पसरला होता आणि ते धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती होते. तारीख पुढं ढकलू, असं मी सुचवलं. सर फोनवर म्हणाले, "पुढं कशाला? मी आहे तोवर होऊन जाऊ द्या."

आदल्या दिवशी मी जोडणी तपासून पाहिली. खोलीत नेट जेमतेम यायचं. म्हणून कॅमेरा बंद ठेवायला सांगितलं, मुलीच्या स्लाइड आधीच सरांच्या फोनवर पाठवल्या आणि त्यांच्या पत्नीचा नंबर हाताशी ठेवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगाल तसं करू मॅडम. सकाळपासून त्यांले याचंच लागलं आहे."

परीक्षेला मुलगी विभागात माझ्या शेजारी बसली. बहिःस्थ परीक्षक त्यांच्या गावाहून जोडले गेले. सरांचा काळा चौकोन पडद्याच्या कोपऱ्यात आला. मुलगी नीट बोलली. परीक्षकांचे प्रश्न संपले, तसा मी सरांचा माइक उघडला.

"इतक्या लोकांशी बोललीस," सरांनी दम घेत विचारलं, "तुझ्या वडिलांशी काहून नाही बोललीस?"

तिचे वडील माग विकून एका अपार्टमेंटवर वॉचमन झाले होते. "विचारलं होतं सर. ते म्हणाले, माझं नको लिहू."

"मग तेच लिहायचं होतं..."

पुढचे शब्द खोकल्यात गेले. खोकला थांबेना. मशीन वाजू लागलं, कोणीतरी ऑक्सिजन वाढवायला सांगितलं. सगळे ऐकत होते. मी सरांचा माइक बंद केला आणि त्यांच्या पत्नीला फोन लावला.

"सिस्टर आल्या आहेत," त्या म्हणाल्या. "पण ते हातानं सांगून राहिले, चालू ठेवा म्हणून. ऐकून राहिले ते."

परीक्षक म्हणाले, इथंच थांबलं तरी चालेल. मुलीनं नकारार्थी मान हलवली. त्या काळ्या चौकोनाकडे पाहत ती वडिलांबद्दल बोलली. माग विकला त्या दिवशी ते घरी जेवले नव्हते, हे तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. ती शेवटपर्यंत बोलली. पदवीची शिफारस जाहीर झाली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. एकेक जण निघून गेला. सरांचा चौकोन तसाच होता. सभा संपवायचं बटण दाबायला माझा हात उठेना. मग तो चौकोन आपोआप गेला.

सर दुसऱ्या दिवशी गेले.

तेरावं झाल्यावर मी आणि ती मुलगी त्यांच्या घरी, सक्करदऱ्याला गेलो. सरांच्या पत्नीनं पाणी दिलं आणि मला विचारलं, "निकाल सांगितला तेव्हा मले खोलीबाहेर काढलं होतं. त्यांनी ऐकलं काय, मॅडम?"

मी रेकॉर्डिंग पाहिलं होतं. त्यात फक्त तो चौकोन दिसत होता.

"फोन चालू होता," मी म्हणाले. "त्यापुढचं मला माहीत नाही."

त्यांनी मान डोलावली. मुलगी पदराआड रडत होती. आता ती रामटेकच्या बाजूला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. प्रबंधाचं पुस्तक कर, वडिलांबद्दलचंही त्यात घाल, असं मी दोनदा सांगून पाहिलं. ती विषय बदलते.