माळवदावरचं लाल लुगडं

आमच्या घरात लाल लुगडं उन्हात वाळत नसे. ते आतल्या खोलीत, दोरीवर, कुबट वास मारत वाळायचं. निजामाच्या राजवटीत अण्णा, म्हणजे माझे वडील, रझाकारांविरुद्ध लढायचे आणि सरहद्दीपलीकडच्या कँपातून लपतछपत घरी यायचे. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, लाल लुगडं दिसलं की घरात धोका आहे, पांढरं धोतर दिसलं की खुशाल या, ही आईची खूण. राजवट गेली, माझं लग्न झालं, मी लेकुरवाळी झाले, तरी लाल लुगडं काही बाहेर आलं नाही.

त्या दुष्काळी वर्षी साखर कारखान्याला एकदाची या म्हाताऱ्या स्वातंत्र्यसैनिकांची आठवण झाली. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, याचा मला रागच होता. सत्काराला न्यायला जीप येणार म्हणून मी मुद्दाम माहेरी आले होते. अण्णा धुतलेले कपडे घालून, बैलांना बघून येतो म्हणत गुरांच्या छावणीकडे गेले.

जीप आली. चहा झाला, पुन्हा झाला, तरी अण्णांचा पत्ता नाही. जीपमधले साहेब सारखे घड्याळ बघत होते. मागच्याच उन्हाळ्यात अण्णांना भोवळ आली होती. कुठं बांधावर पडले असतील तर? भावाला छावणीकडे पिटाळलं. तो धापा टाकत परत आला.

"तिथनं कवाच निघाल्यात म्हणं."

आई अंगणात आली, वर बघितलं आणि जागीच थांबली. माळवदावर लाल लुगडं पसरलेलं होतं. वहिनी अणदूरकडची, नवी नवरी. सकाळी धुणं धुऊन तिनं ते चांगलं उन्हात घातलं होतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला ती सांगायची गोष्ट वाटतच नव्हती. आणि त्यात दाराशी जीप उभी.

आईचे गुडघे धरलेले. मी नको नको म्हणत असताना ती शिडी चढली, लुगडं ओढून काढलं, अण्णांचं धोतर पसरलं आणि कोरड्या ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली. आम्ही सगळे खाली शिडी धरून उभे.

बऱ्याच वेळानं ओढ्याकाठच्या बाभळीमागून अण्णा उठले. धुतलेले कपडे मातीनं भरलेले. मला रडूच कोसळलं. निजाम गेला हे त्यांना ठाऊक होतं की. पण त्यांचा भरवसा आमच्या माळवदावर जास्त होता.

साहेब म्हणाले, "बसा अण्णा, उशीर झाला."

"आधी हिला बसू द्या."

"सत्कार तुमचा हाय, अण्णा."

"मी लपून बसायचो. उघड्यावर ही हुबी राहायची."

साहेबांनी खाली उतरून पुढची जागा रिकामी केली. वहिनी दाराआड ते अजून ओलसर लुगडं पोटाशी धरून रडत होती. आईनं जीपमधूनच तिला जवळ बोलावलं.

"रडू नगं, पोरी. घाल ते वाळत," ती म्हणाली. मग अण्णांकडे बघून हळूच म्हणाली, "पर आमी वळणाआड गेल्यावर."