चार कपांचा लिटर

डॉक्टर ह्यांना म्हणाले, "हृदय थकलंय. दिवसाला एक लिटर, त्यावर थेंबभर नको. पाणी, चहा, ताक, आमटी, सगळं धरून." आम्ही दोघांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या आणि वारज्याला घरी आलो. स्वयंपाकघरात शिरल्यावर माझी जी भंबेरी उडाली, काही विचारू नका.

चाळीस वर्षं मी या माणसाला पाणी दिलं ते तांब्याभांड्यानं. आता मिली आणायचे कुठून? फोनवर बघितलं, एक कप म्हणजे साधारण अडीचशे मिली. म्हणजे दिवसाला चार कप. बरं, पण आमटीत डाळ किती नि पाणी किती? कलिंगड खाल्लं तर ते फळ की पाणी? ह्यांनाच विचारलं. म्हणाले, "मला काय विचारतेस? माझ्याकडे फक्त पिण्याचं खातं होतं. तेही तू काढून घेतलंस."

भाताच्या इलेक्ट्रिक कुकरबरोबर प्लॅस्टिकचा कप आला होता. तोच मापाला घेतला. कप तो कपच! पाचवा मागितला की मी अंगावर धावून जायची, "तुम्हाला जगायचंय की नाही?" हे सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवायचे. मी चिडायची, पण खरं सांगते, आतून नुसती घाबरलेली असायची.

महिन्याभरानं तपासणीला निघताना ह्यांचं दिवसाचं पाणी लिटरच्या बाटलीत भरायला घेतलं. चार कप ओतले, तरी बाटली पाऊणसुद्धा होईना. मेले बाटलीवालेच लबाड, म्हटलं. खात्रीसाठी अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी फोडली. दोन कप भरले, तरी पिशवीत दूध शिल्लक! माझं डोकंच चालेना. दूध जास्त देतात? आणि तेही पुण्यात? शेवटी कप पालथा घातला. तळाशी बारीक आकडा होता, एकशे ऐंशी.

म्हणजे महिनाभर मी ह्यांना त्यांच्या वाट्याचं पाणीसुद्धा दिलं नव्हतं. रडत रडत सांगितलं.

"असं होय," हे म्हणाले. "मला वाटलं, लिटर एवढाच असतो."

मी बाटली काठोकाठ भरली आणि ह्यांच्या हातात दिली. "अहो, प्या."

ह्यांनी दोन घोट घेतले, थांबले आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "अजून एक घेऊ?"