डावीकडचं भोक

न्हाव्याच्या खुर्चीत मान खाली घालून बसलो होतो, तेव्हा ती बातमी कळली. गडमुडशिंगीतला आमचा दत्तू कित्येक वर्षं माझे केस कापतो. माझ्या डोक्यावर दोन बाजूंना दोन खड्डे आहेत. तिथं आलं की त्याचं मशीन आपोआप हळू होतं. त्या दिवशी ते डावीकडच्या खड्ड्यापाशी थांबलंच. "अण्णा डॉक्टर गेलं की सकाळी... कळलं न्हाय तुमास्नी?" कापणं कसंबसं उरकून टोपी घातली आणि तडक कोल्हापूरला गेलो. त्याला आता तीन आठवडे झाले.

ते दोन्ही खड्डे अण्णा डॉक्टरांनीच पाडलेले. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणारा सुतार. एकदा माळ्यावरून निसटलेली फळी डोक्यात बसली. दोन दिवस डोकं चोळलं आणि विसरून गेलो. महिना-दीड महिन्यानं उजव्या हातातून लाकूड कोरायची पटाशी गळायला लागली. हात गेला तर सुताराचं उरतं काय? पुण्या-मुंबईला हलवण्याइतका वेळ नव्हता. कोल्हापूरच्या दवाखान्यात अण्णांनी तपासलं आणि म्हणाले, "पावणं, डोक्यात रक्त साकळलंय. भोक पाडून काढायचं. मी काय मेंदूचा मोठा सर्जन न्हाय, पण थांबलो तर तू हातचा जाशील." वडील हयात असताना पोराचं डोकं भादरलं म्हणून आई व्हरांड्यात रडत बसली.

कातडी तेवढी बधिर केली होती, मी पुरता जागा होतो. गिरमिटाचा आवाज माझ्या रोजच्या ओळखीचा, फक्त या वेळी लाकूड मी होतो. डावीकडं भोक पडलं. मग अण्णांचा आवाज आला, एकदम बारीक... "इथं काहीच न्हाय." मला धडकी भरली. पण तो आवाज ऐकून, खरं सांगतो, मला त्यांचीच दया आली. म्हटलं, "अण्णा, आमचं बी चुकतंय लाकडात. दुसऱ्या अंगाला मारा की." उजवीकडं भोक पडलं आणि काळपट रक्त भळभळून बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी मी उजव्या हातानं पाण्याचा पेला उचलला.

तिसऱ्या दिवशी अण्णा खाटेपाशी स्टूल ओढून बसले. "उजवा हात मेंदूच्या डाव्या अंगाकडनं चालतो. तो लुळा पडला, म्हणजे दोष डावीकडं, असं धरून चाललो मी. तुझ्यात उलटं निघालं. एक भोक फुकट पाडलं बघ तुला." दोन्हीकडं पाडावीच लागतात असं सांगितलं असतं, तरी मी मान डोलावली असती. ते त्यांनी केलं नाही.

त्यानंतर डोक्याच्या ऑपरेशनला कुणी घाबरलं की अण्णांचा निरोप फाउंड्रीत यायचा. मी टोपी काढून वॉर्डात उभा राहायचो. उजवा खड्डा दाखवायला गेलो की अण्णा खेकसायचे, "आधी चुकलेलं दाखव की रं!" नातेवाइकांची बोटं डाव्या खड्ड्यावर फिरायची आणि अण्णा खाली बघत उभे असायचे. काही जण तिथूनच पेशंट उचलून घेऊन जायचे. एकदा मी चिडलो. "कशाला सांगताय अण्णा? माणसं पळत्यात." "पळू देत. डोकं त्यांचं हाय." बरेच जण राहायचेही. त्यातले सगळे वाचले नाहीत. जो जाईल त्याच्या घरी अण्णा स्वतः जाऊन बसायचे, शिव्या पडल्या तरी.

शेवटी अण्णांनाच अर्धांगाचा झटका आला. दिवाळीत भेटायला गेलो तर माणसं ओळखू येत नव्हती त्यांना. काय बोलावं सुचेना, म्हणून मी आपली टोपी काढली आणि वाकलो. त्यांचा चालता हात चाचपडत वर आला आणि बोट नेमकं डाव्या खड्ड्यावर टेकलं. तोंड वाकडं झालेलं, पण शब्द मला कळला. "चुकलं..." मला राहवलं नाही. तो हात माझ्या उजव्या हातानं धरला आणि पलीकडच्या खड्ड्यावर ठेवला. "अण्णा, ह्या हातावर घर चाललंय माझं इतकी वर्सं." हात बराच वेळ तिथंच राहिला.

परवा पुन्हा दत्तूकडं गेलो होतो. तो म्हणाला, "आता वॉर्डात कोण बोलावतंय तुमास्नी? वाढवा की जरा केस, खड्डं झाकतील." मी टोपी मांडीवर ठेवली.

"नको. डावीकडं अजून बारीक कर."