डावखुरे शिकारी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण रजईचं ते प्रकरण अजून मनातून जात नाही.

गिरगावातल्या एका वृद्ध गृहस्थांकडे पिढीजात रेशमी रजई होती. तिच्यावर पिवळ्या रेशमाने भरलेली जहाजं आणि जलपऱ्या, काठाने घोड्यावरचे शिकारी. विरली म्हणून ती भोईवाड्यातल्या एका बाईंकडे दुरुस्तीला दिली. जुनं भरतकाम सांधण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. चार महिन्यांनी गृहस्थांच्या मुलाने रजई घरी आणली. म्हाताऱ्यांनी ती चाचपली आणि म्हणाले, "ही आपली नव्हे." जाणकारानेही रेशीम नवं असल्याचं सांगितलं. फिर्याद दाखल झाली.

दुसऱ्याच दिवशी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. बाईंच्या घरी रजईच्या नक्षीचे कागद आहेत म्हणे. झडतीत ट्रंकेतून सगळ्या आकृत्यांची ट्रेसिंग मिळाली. पंचनाम्यावर सही करताना मला वाटलं, केस उलगडली.

तीन दिवस बाईंना चौकशीला बोलावलं. सकाळी यायच्या, सूर्यास्ताआधी सोडायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी बनावट रजईवर बोट ठेवलं.

"साहेब, हे शिकारी बघा, सगळे डावखुरे. मूळच्या रजईत भाले उजव्या हातात आहेत. उलट्या छापलेल्या फोटोवरून भरलंय कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे तुम्हीच."

"चार महिने ती माझ्या मांडीवर होती. मला फोटो कशाला लागेल? माझे कागद बघा की, ते सुलटे आहेत."

मी कागद बघितले नाहीत. जबाबात लिहिलं, 'उडवाउडवीची उत्तरे देते.'

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "घरी आई अंथरुणाला खिळलीय, आज शेजारीणही नाही. तासाभरात येते."

"आधी खरं सांगा, मग जा."

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा आई गेली होती. त्यांना सोडायला गेलेल्या महिला शिपायाने मला सांगितलं, "सर, पाण्याचा तांब्या लवंडला होता. म्हातारीचा हात तिकडेच होता."

त्यानंतर मी ट्रेसिंग आणि रजई शेजारी ठेवली. बाई म्हणाल्या होत्या तसंच होतं. बाईंकडून निघून घरी पोचेपर्यंत रजई फक्त गृहस्थांच्या मुलाच्या हाती होती. त्याला बोलावलं. तासभर तो एकच सांगत राहिला, "बाईंनी दिली तीच आणली." निनावी फोन त्याच्याच ऑफिसातून आल्याचं सांगितलं, तेव्हा त्याने मान खाली घातली. मोबाइलवरच्या, उलट्या छापल्या गेलेल्या फोटोवरून एका कारागिराकडून नक्कल करून घेऊन त्याने मूळ रजई विकली होती.

ती हस्तगत झाल्यावर ओळख पटवायला बाई आल्या. मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं."

त्या म्हणाल्या, "हीच ती रजई. सही कुठे करू?"

संशयिताचं जे बोलणं फालतू वाटतं ते आधी लिहून घ्या, असं मी पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगत आलो. त्या तपासाबद्दल मला शाबासकी मिळाली, सेवापुस्तकात तशी नोंद आहे. म्हातारीचा मृत्यू नैसर्गिक होता. त्याची आमच्या कुठल्याच कागदावर नोंद नाही.