लाली घालवणारे थेंब

राबासाठी फांद्या तोडत होतो. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पाला, काटक्या पसरून भाजायच्या, ही आमची मुळशीतली दरसालची रीत. एक फांदी सपकन उलटली आणि तिचं टोक उजव्या डोळ्यात घुसलं. पाण्याने डोळा धुतला आणि पुन्हा कोयता उचलला, हे माझं पहिलं शहाणपण. काही महिन्यांनी त्याच डोळ्यात मोतीबिंदू झाला. मार लागूनही होतो, हे मला तेव्हा कळलं. पुण्यात ऑपरेशन करून भिंग बसवलं. येताना एसटीची पाटी लांबून वाचली आणि लई खूश झालो.

महिनाभरात डोळा लाल झाला. ऑपरेशननंतरचे थेंब उरले होते, ते घातले. दोन दिवसांत लाली गायब! मग काय, सवयच लागली. लाली आली की पौडच्या मेडिकलात रिकामी बाटली दाखवायची आणि नवी आणायची. डॉक्टरांनी हे थेंब चार आठवड्यांनी बंद करा म्हणून बजावलं होतं. पण ते पुण्यात, डोळा माझा. असं दीड वर्ष चाललं. नजर मात्र धुरकटत गेली.

शेवटी बायकोने ओढतच पुण्याच्या त्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यात काही घालता का?"

"छ्या, काय बी न्हाई."

"खोटं नगा बोलू!" बायको उसळली आणि पिशवीतली बाटली काढून टेबलावर आपटली. माझं डोकंच फिरलं.

डॉक्टर रागावले नाहीत. डोळ्याच्या आतलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवलं. बुरशी निघाली. फांदीबरोबरच आत गेली असावी, म्हणाले. थेंब लाली दाबत होते आणि आत बुरशी वाढत होती. दीड वर्ष मीच तिला पोसलं. खरंच लाज वाटली.

भिंग काढावं लागलं. मग डोळ्यात इंजेक्शनं, महिनोन् महिने गोळ्या. बुरशी हटली नाही तर डोळाच काढावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ती एकच धास्ती होती.

डोळा राहिला. परवा डॉक्टरांनी माझा चांगला डोळा झाकला, समोर बोटं धरली. "किती?"

मागं उभी असलेली बायको हळूच म्हणाली, "दोन."

"बोटं न्हाई दिसत, डाक्टर," मी म्हणालो. "कायतरी हलतंय, एवढंच कळतंय."